उंटकटाऱ्याची मशागत

"सूर्य आपल्या वाटेच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहतो, त्या रात्री माणसालाही जुनी कात टाकायची मुभा असते. उद्या सूर्य उगवेल तेव्हा विल्निस नावाचा एक नवाच माणूस या दारात उभा असेल," विल्निस म्हणाला.

"बाबा, दूध," गुन्देगा म्हणाली.

तोवर दूध पातेल्याबाहेर पडून शेगडीवरून खाली उतरलं होतं आणि जुन्या विल्निसच्या नव्या सपातांकडे निघालं होतं.

कात टाकण्याचं ते वाक्य खरं म्हणजे त्याचं नव्हतंच. लेकीनं चार दिवसांपूर्वी राजधानी रीगाहून फोनवर ते ऐकवलं होतं. ती तिकडे कसल्याशा शिबिराला जात होती. तिथं एक बाई डोळे मिटायला लावून लोकांना त्यांचे पूर्वज दाखवायची आणि जुन्या देवांच्या नावानं आतून नवं व्हायला शिकवायची. विल्निसला वाक्य आवडलं होतं. तो जन्मभर जिल्ह्याच्या गावी ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेत आला होता. डावीकडे, उजवीकडे, थांबा आणि नापास, एवढ्या शब्दांवर त्याची नोकरी निघाली. त्यामुळे कुणाचं लांब वाक्य हाती लागलं की तो ते जपून ठेवी आणि सणासुदीला वापरी.

सण आजच होता, वर्षातल्या सगळ्यात छोट्या रात्रीचा, लीगोची संध्याकाळ. दारांच्या दोन्ही अंगांना भूर्जाच्या डहाळ्या लागल्या होत्या. विल्निस शहाजिरं घातलेलं चीज करायच्या खटपटीत होता. ते सूर्यासारखं गोल व्हावं लागतं. दूध फाडायचं, चोथ्यात लोणी आणि अंडी घालून ते मळायचं, मग फडक्यात बांधून वर दगड ठेवायचा. त्याची बायको औस्मा हयात होती तोवर हे काम तिचं. ती जाऊन तीन हिवाळे झाले. तेव्हापासून विल्निस चीज करी आणि ते दरवर्षी वेगळ्याच आकाराचं होई. यंदा विटेच्या वळणावर चाललं होतं.

गुन्देगा दुधाचा ओघळ पुसून खिडकीशी गेली आणि तिथंच थबकली.

"बाबा, बागेत हे काय माजलंय?"

"उंटकटारा."

"ते दिसतंय. गाजराच्या वाफ्यात छातीएवढा उंटकटारा आहे. आज संध्याकाळी गाणारे येणार. खुरपलं का नाही?"

"राहून गेलं."

विल्निसच्या बाबतीत काही राहून जात नसे, हे त्याच्या लेकीला ठाऊक होतं. नोकरीत असताना तो सीटबेल्टसुद्धा पट्टी लावल्यासारखा सरळ लावायचा. तिनं वळून बापाकडे पाहिलं. बाप चीजवर दगड ठेवण्यात अतिशय गुंतला होता.

लीगोच्या संध्याकाळी गाणारे दारोदार येतात. फाटकाशी थांबून ते आधी बागेत डोकावतात. तण दिसलं की तणावर गाणं, छप्पर गळकं असलं की छपरावर, नवरा आळशी असला की नवऱ्यावर. ज्याच्यावर गाणं झालं त्यानं रुसायचं नाही. घरातून उलट गाणं यायला हवं, मग बिअर, मग चीज, आणि वरात पुढच्या दाराशी. म्हणून सगळं गाव लीगोच्या आधी कंबर मोडून खुरपतं. आणि तरीही प्रत्येकाला आतून वाटत असतं की आपल्यावर गाणं व्हावं. हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

विल्निसवर गाणं होत नव्हतं. औस्मा गेल्यानंतरच्या पहिल्या लीगोला एकच झालं होतं, त्याच्या बिनइस्त्रीच्या शर्टावर. त्यानंतर लोक येत, सूर्यआईची एक गोडशी ओळ म्हणत, बिअर घेत, 'बरं, येतो' म्हणत आणि हलक्या पावलांनी निघून जात. पाच पावलं पुढं शेजारच्या दाराशी गेले की तेच लोक छप्पर उडेल असं हसत. विल्निस आपल्या दारात उभा राहून ते ऐकत असे.

याचं कारण काय असावं, हा प्रश्न त्याला वर्षभर पुरला. पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण इतके रुक्ष आहोत की आपल्यावर रचण्यासारखं काही उरलेलं नाही. मग वाटलं, गावातल्या निम्म्या लोकांना आपण कधी ना कधी नापास केलंय, त्याचा हा सूड असेल. पण सूड घ्यायचा तर गाणंच म्हटलं नसतं का? शेवटी थंडीत एके दिवशी बर्फ उपसताना त्याच्या मनात आलं की लोक आपली कीव करताहेत. मेलेल्या माणसाबद्दल कसं जपून बोलतात, तसे आपल्याशी जपून वागताहेत. फावडं तिथंच टाकून तो घरात गेला.

वसंतात त्यानं प्रयोगाला हात घातला. गाजराच्या वाफ्यात उंटकटारा दिसला, तो त्यानं ठेवला. कोरडा पडला तेव्हा पाणीही घातलं. एवढा मोठा उंटकटारा दिसूनही कुणाला गाणं सुचलं नाही, तर मग आपण खरोखरच संपलो, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

गुन्देगा आता दारावरच्या खिळ्याकडे पाहत होती. तिथं फुलांचा एक सुकलेला मुकुट लटकत होता. कधीकाळी त्यात डेझी होत्या, निळी रानफुलं होती, आता सगळं चहाच्या रंगाचं झालं होतं.

"आईचा अजून इथंच?"

"विजेपासून घर राखतो."

"एक वर्ष राखतो, बाबा. पुढच्या लीगोला तो आगीत घालायचा असतो. जुनं जळल्याशिवाय..."

"नवं होत नाही. ऐकलंय मी, फोनवर."

"मग तुम्हाला नक्की काय सोडून द्यायचंय? आमच्या शिबिरात आधी हेच विचारतात."

विल्निसनं विचार केला. "मला काही सोडायचं नाहीये. शहाजिरं संपलंय, ते आणतो."

शहाजिरं अर्धी बरणी होतं. तो वेल्टाकडे निघाला.

कुंपणाला कुंपण लागून वेल्टाचं घर. गाणाऱ्यांची म्होरकी तीच. ती ओळ सुरू करी, बाकीचे ती उचलून धरीत. आवाज असा की पलीकडच्या तळ्यावरची बदकं उडावीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्याचा तिनं कधी गाजावाजा केला नव्हता. तरुणपणी विल्निसनं तिची ड्रायव्हिंगची परीक्षा घेतली होती. डावीकडे वळा म्हटल्यावर ती उजवीकडे वळून एका म्हातारीच्या कोंबड्यांत शिरली. तिनं पुन्हा परीक्षा दिली नाही. तेव्हापासून ती सायकलवर हिंडे आणि विल्निसची गाडी दिसली की मुद्दाम रस्त्याच्या मधून जाई.

ती दाराशी स्टुलावर चढून डहाळ्या बांधत होती.

"शहाजिरं हवं होतं," विल्निस म्हणाला.

"परवा तर दुकानात घेत होतास."

"संपलं."

"एवढं खाल्लंस? पोट बरं आहे ना?"

"बरं आहे. यंदा बागेकडे लक्ष द्यायला झालं नाही गं. उंटकटारा फार माजलाय."

"बघितलाय."

"म्हणजे जाता येता कुणाच्याही डोळ्यांवर येईल असा आहे."

"हं. ती दोरी दे."

विल्निसनं दोरी दिली. "लोक काय म्हणतील, असं वाटतं."

"लोकांना काय कमी आहे म्हणायला? अकॉर्डियनवाल्या एगील्सचं छप्पर आहे. पलीकडच्यांनी गेल्या महिन्यात बकरी विकून नाचायचे बूट घेतलेत. तुझ्यापर्यंत पाळी कशाला येतेय?"

"येऊ शकते."

"नाही येणार. तू निश्चिंत राहा," वेल्टा म्हणाली. हे ती फारच मायेनं म्हणाली. औषधांच्या दुकानातली मुलगी अलीकडे त्याच्याशी असंच बोलत असे.

"का नाही येणार?"

वेल्टानं दोरीची गाठ दातानं ओढली. तोंडात दोरी असली की उत्तर द्यावं लागत नाही. मग आकाशाकडे बघून म्हणाली, "पाऊस येणार. रात्रीच्या आगीची लाकडं झाकली नाहीत त्या एगील्सनं."

विल्निस शहाजिरं घेऊन परत आला. चीज बांधून झालं होतं, त्यामुळे ते त्यानं बरणीत ओतलं. बरणी भरून वाहिली. मग तो कपाटाकडे गेला, आपली हिवाळ्यातली लांब लोकरी चड्डी काढली आणि फाटकाजवळच्या कुंपणावर वाळत घातली.

"ती धुतलेलीच आहे," गुन्देगा म्हणाली.

"वारा लागू दे."

दुपारी खरंच सर येऊन गेली. चड्डी भिजून दुप्पट लांब झाली. विल्निसला ते वाईट वाटलं नाही.

लीगोला संध्याकाळ नावापुरतीच होते. दहा वाजून गेले तरी उजेड जायचं नाव घेत नाही. गाणारे निघाले तेव्हा गवतावर ऊन होतं. वेल्टा पुढं, तिच्या डोक्यावर फुलांचा मुकुट. एगील्स अकॉर्डियन घेऊन मागं, त्याच्या डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट, एका कानावर घसरलेला. त्यांच्यामागं बाकीचं गाव. विल्निस आपल्या दारात उभा राहून ऐकत होता. आधी एगील्सच्याच घरावर झालं आणि एगील्सला स्वतःच्या अब्रूची साथ स्वतःच करावी लागली.

*एगील्सच्या छपरामधून*
*चंद्र उतरे जेवायला,*
*लीगो, लीगो,*
*शिडी आण म्हटलं तर*
*हा बसे वाजवायला, लीगो.*

हशा उसळला. आतून एगील्सच्या बायकोनं असं काही उलट ठेवून दिलं की वेल्टाला दोनदा 'लीगो' म्हणून वेळ काढावी लागली.

मग पावलं विल्निसच्या फाटकाशी आली.

विल्निसनं घसा साफ केला. गुन्देगा चीजचं ताट घेऊन मागं उभी होती. उंटकटाऱ्याला त्याच दिवशी जांभळे तुरे फुटले होते आणि उतरत्या उन्हात तो एखाद्या मानकऱ्यासारखा दिसत होता. शेजारी चड्डी पाझरत होती. मंडळींनी बाग पाहिली. एगील्सच्या ओठाचा कोपरा हलला, तो त्यानं दाबला. मागं कुणीतरी खोकलं. वेल्टानं डोळे मिटले आणि गायला लागली.

*सूर्यआई डोंगरावर*
*रुपेरी घोडे विसावती,*
*लीगो, लीगो,*
*या घराला उजेड देई,*
*पावलं तिची शांत होती, लीगो.*

मंडळींनी हळूच साथ दिली. हळूच बिअर घेतली. एगील्सनं चीजचा घास घेतला. तो बराच वेळ चावत राहिला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो म्हणाला, "छान झालंय."

या गावात लीगोच्या चीजला आजवर कुणी छान म्हटलं नव्हतं. औस्माच्या चीजला लोक बूट शिवायचं चामडं म्हणायचे आणि तिसऱ्यांदा मागून घ्यायचे.

"बरं, येतो आम्ही," वेल्टा म्हणाली.

"थांबा," विल्निस म्हणाला.

हे त्यानं परीक्षेतल्या आवाजात म्हटलं. निम्म्या गावाचा उजवा पाय नकळत ब्रेकवर गेला.

"हे काय आहे?" त्यानं वाफ्याकडे बोट केलं.

मंडळी वाफ्याकडे पाहू लागली. "उंटकटारा," एगील्स म्हणाला.

"आणि हे?"

"चड्डी."

"आणि हे चीज छान आहे?"

एगील्सनं वेल्टाकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "दाढ हलली माझी."

"मग गात का नाही? मी मेलोय का?"

अकॉर्डियनमधून थोडी हवा सुटली तेवढीच.

वेल्टा पुढं आली. "विल्निस, औस्मा गेली त्या वर्षी आम्ही गायलो होतो. तुझ्या शर्टावर. आठवतं?"

"आठवतं."

"गाणं संपलं आणि तू पाठ फिरवून आत गेलास. आम्ही उभे राहिलो. उत्तर येईना. घरातून उत्तर आलं नाही याचा अर्थ काय होतो, तुला मी सांगायला हवं? म्हणजे घराला दुखलं. आम्ही थोडं थांबलो आणि निघून गेलो. सगळ्यांनी ठरवलं, या दाराशी पुन्हा तसलं गायचं नाही. मला तर आठवडाभर जेवण गेलं नाही."

"मी चंबू शोधत होतो," तो म्हणाला.

"काय?"

"बिअर ओतायचा मातीचा चंबू. तुम्ही गायलात की ती उलट गायची आणि मी ओतायचो. असंच असायचं. मला वाटलं, गाणं झालं, आता ओतायला हवं. चंबू सापडेना. तो ती कुठं ठेवायची ते मी कधी विचारलंच नव्हतं."

"सापडला?"

"पिठाच्या डब्यामागं होता. तिच्या एप्रनमध्ये गुंडाळलेला. मग मी जरा बसलो. बाहेर आलो तर कुणीच नव्हतं."

गुन्देगानं ताट खाली ठेवलं. एगील्सच्या बायकोनं नाक ओढलं आणि ते गवताच्या वासामुळे असल्यासारखं दाखवलं.

"म्हणजे तू रुसला नव्हतास," वेल्टा म्हणाली.

"मी कशाला रुसू? इस्त्री केली नव्हतीच मी."

"आणि आम्ही इतकी वर्षं तोंड दाबून जातोय तुझ्या दारावरून. गेल्या वर्षी तू मिशी ठेवली होतीस. मिशीवर माझ्याकडे तीन गाणी तयार होती, विल्निस. तीन. तशीच कुजली पोटात."

"अगं, मग म्हणायची."

"आता मिशी कुठंय?"

वेल्टानं डोक्यावरचा मुकुट सरळ केला. "ठीक आहे. गाते. पण या वेळी उत्तर हवं. चंबू नकोय, उत्तर. आणि लेकीनं मधे पडायचं नाही."

"मला गाता येत नाही."

"औस्मालाही पहिल्या वर्षी येत नव्हतं," वेल्टा म्हणाली, आणि छाती भरून श्वास घेतला. तळ्यावर बदकं उडाली.

*विल्निसच्या वाफ्यामध्ये*
*गाजर कुठं दिसेना,*
*लीगो, लीगो,*
*उंटकटारा मालक झाला,*
*विल्निस त्याचा पाहुणा, लीगो.*

हसणं इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते लवकर आवरेना. एगील्सला फाटक धरावं लागलं. आणि मग सगळे विल्निसकडे पाहू लागले.

विल्निसचे कान लाल झाले. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं. आत खिळ्यावर मुकुट होता, पिठाच्या डब्यामागं चंबू होता, आणि आत जाणं फार सोपं होतं. मंडळींनीही दाराकडे पाहिलं. वेल्टाच्या चेहऱ्यावरचं हसू किंचित कमी झालं.

विल्निसनं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. त्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला.

*डावीकडं वळा म्हटलं,*
*वेल्टा गेली उजवीकडं,*
*लीगो, लीगो,*
*कोंबड्या बसल्या झाडावरती...*

इथं तो अडला. चौथी ओळ येईना. मंडळी वाट पाहत होती. एगील्सनं अकॉर्डियनचा एकच सूर लांबवत ठेवला. गुन्देगाचे ओठ हलत होते, पण तिला मनाई होती. विल्निसनं आकाशाकडे पाहिलं, चड्डीकडे पाहिलं. मग जन्मभराच्या सवयीनं जे तोंडी बसलं होतं तेच बाहेर पडलं.

*नापास, लीगो.*

काही क्षण कुणाला कळलंच नाही. मग पहिली वेल्टा हसली. ती हसताना वाकली तसा तिचा मुकुट उंटकटाऱ्यावर जाऊन पडला. विल्निसनंच तो काट्यांतून काढून दिला आणि त्याच्या बोटातून रक्त आलं. या घरानं उत्तर दिलं, असं मागून कुणीतरी जोरात म्हणालं, म्हणजे ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनाही कळावं. बिअर पुन्हा ओतली गेली. चीजला विटेपासून दारूगोळ्यापर्यंत नावं ठेवली गेली आणि ते संपलं.

लीगोची आग वेल्टाच्या घरामागच्या टेकाडावर पेटवायची होती. एगील्सनं लाकडं झाकली नव्हतीच. ओली लाकडं नुसती धुमसत होती. एगील्स गुडघ्यांवर बसून फुंकत होता, लोक सल्ले देत होते. "कोरडं काही आहे का रे कुणाकडे?" तो ओरडला. "अगदी कोरडं, पटकन धरेल असं?"

विल्निस टेकाड उतरून घरी गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात खिळ्यावरचा मुकुट होता. गुन्देगा काहीतरी बोलणार होती, शिबिरातलं, पण बोलली नाही. विल्निसनं मुकुट जरा हातात धरला, त्यातली एक डेझी सरळ केली, जी हात लागताच गळून पडली, आणि खाली वाकून तो लाकडांच्या पोटात ठेवला.

तो तडतडत पेटला. सुकी पानं, सुकी फुलं, सगळं एकदम. मग लाकडांनीही धरलं.

"चांगली धरली," एगील्स म्हणाला.

"औस्मा नेहमीच लवकर पेटायची," विल्निस म्हणाला.

सूर्य उगवेपर्यंत कुणी झोपायचं नसतं. तरुण जोडपी नेच्याचं फूल शोधायला रानात गेली. नेच्याला फूल येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही कुणी लवकर परतत नाही. बाकीच्यांनी आगीवरून उड्या मारल्या. विल्निसचा गुडघा दुखरा होता. त्यानं आग विझत आल्यावर कडेच्या निखाऱ्यांवरून एक लांब पाऊल टाकलं आणि ती उडीच होती, असं सर्वानुमते ठरलं.

मग रानामागं आकाश पिवळं झालं आणि सूर्यआई वर आली. लोक अनवाणी गवतात उतरले. विल्निसनं दोन्ही हातांनी दव गोळा करून तोंड धुतलं. दव भलतंच गार होतं. तो सरळ उभा राहिला आणि आपण नवे झालो आहोत का, याचा कुतूहलानं अंदाज घेऊ लागला. गुडघा जुनाच होता. बोटातला काटा तेवढा नवा होता. पण छातीवर ठेवलेला एक दगड कुणीतरी उचलून नेला होता, चीजवरचा नेतात तसा, आणि आतलं कुठल्या आकाराचं झालंय ते अजून त्याला कळत नव्हतं.

वेल्टा येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तिचे केस ओले होते. दोघं उन्हाकडे पाहत होते. आता काहीतरी बोलायला हवं, असं विल्निसला वाटलं. लेकीचं कात टाकण्याचं वाक्य त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण वेल्टानं त्याच्या बाहीला हात लावला आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"विल्निस, एक सांगू?"

"सांग ना."

"तो उंटकटारा आज काप बाबा. बी धरलं की उडून सगळं माझ्या वाफ्यात येतं."